ऑपरेशन झालं, पैसे गेले, रक्त पुन्हा आलं

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):
माझं वय ५४. सांगलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. दोन वर्षांपूर्वी हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा, म्हणून दाखवलं तर पायरिया निघाला. आधी खोल साफसफाई केली, मग दोन बाजूंना फ्लॅपचं ऑपरेशन झालं. खर्च बराच आला. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी यायला बजावलं होतं. दोनदा गेले. दोन्ही वेळा ‘छान आहे’ म्हणाले, साफ केलं, पैसे घेतले. मग वाटलं, छानच आहे तर कशाला जायचं? मिस्टर म्हणतात, हा गिऱ्हाईक बांधून ठेवायचा धंदा आहे, आणि सारखं घासून दात झिजतात ते वेगळंच. याला दीड वर्ष झालं. आता महिनाभर ब्रश केला की थुंकी लाल दिसते. खालचा पुढचा एक दात जिभेनं ढकलला की हलल्यासारखा वाटतो. मला डायबेटिसची गोळी चालू आहे आणि बीपीसाठी ॲम्लोडिपिन. सासूबाई म्हणतात, माझ्यासारखी मिशरी लावली असतीस तर हिरड्या घट्ट राहिल्या असत्या. त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलेलं मी खरंच कधी पाहिलेलं नाही. सध्या मीठ-हळद-तेल चोळते आहे. ऑपरेशन वाया गेलं का? जन्मभर दर तीन महिन्यांनी जायचंच का? आणि त्या डॉक्टरांकडे आता कुठल्या तोंडानं जाऊ? नाव छापू नका.

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ज्या तोंडातला दात हलतोय त्याच तोंडानं जा, आणि शाळेला सुट्टी लागायची वाट न बघता या आठवड्यात जा. खंड पडलेल्या पेशंटवर आवाज चढवणारे डॉक्टर असतात, नाही म्हणत नाही. पण मध्येच येणं बंद होणं ही आमच्या हिरड्या-दातांच्या शाखेत इतकी नेहमीची गोष्ट आहे की तुमचे डॉक्टर फार तर एक सुस्कारा टाकतील आणि तुमचं जुनं कार्ड काढायला सांगतील. अमेरिकेतल्या हिरड्यांच्या एका खासगी दवाखान्यानं आठ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सांगितलेल्या वेळी न चुकता येणारे पेशंट जेमतेम १६ टक्के निघाले. हे १९८४ साली छापून आलं. तेव्हा लाज वाटून घेण्यासारखं यात काही नाही. उशीर मात्र झालाय.

ऑपरेशन वाया गेलेलं नाही. पण ते कशासाठी केलं होतं हे तुमच्यापर्यंत नीट पोचलं नसावं, असं पत्र वाचून वाटलं. तुम्ही ‘बरं झालं’ असं धरून चाललात. पायरियात ‘बरं झालं’ असं नसतं. ‘आटोक्यात आहे’ असं असतं.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर रोज बसतो. तुमच्याही बसतो आणि माझ्याही. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथं हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. दोन-तीन आठवड्यांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. बऱ्याच लोकांचं इतक्यावरच भागतं. काहींचं शरीर मात्र त्याच थराशी झगडताना दाताभोवतीचं हाडच खाऊन टाकतं. तुम्ही या दुसऱ्या गटातल्या आहात. गेलेलं हाड ब्रश करून परत येत नाही, आणि हाड जाण्याची ही प्रवृत्तीही ऑपरेशननं जात नाही. हरळीसारखं आहे हे. वावर कितीही खणून काढलं तरी कांडीचा तुकडा कुठेतरी राहतोच, आणि पाऊस पडला की तो फुटतो.

मग ऑपरेशननं केलं काय? दात आणि हिरडी यांच्यामधली खाच निरोगी असेल तर एक ते तीन मिलिमीटर खोल असते. पायरियात ती पाच, सहा, आठपर्यंत जाते. तिलाच आम्ही पॉकेट म्हणतो. ब्रशचा केस हिरडीच्या आत जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतो. म्हणजे सहा मिलिमीटरच्या तळाशी जे चाललंय त्याच्याशी ब्रश, पेस्ट, मीठ-हळद कशाचाच संबंध येत नाही. फ्लॅपमध्ये हिरडी बाजूला करून मुळावरचं किटण (तोच थर, दगडासारखा कडक झालेला) डोळ्यांनी बघून काढतात आणि पॉकेट उथळ करतात. उद्देश एवढाच की यापुढे तिथं तुमचा आणि डॉक्टरांचा हात पोचावा. तो पुढे पोचलाच नाही, तर ऑपरेशनचा उपयोग फार दिवस टिकत नाही. १९७७ साली स्वीडनमध्ये २५ पेशंटवर हिरड्यांच्या वेगवेगळ्या पद्धतींच्या शस्त्रक्रिया केल्या आणि नंतरची देखभाल जवळजवळ सोडून दिली. पद्धत कोणतीही असो, दोन वर्षांत सगळ्या गटांत आजार पुढे सरकलेला दिसला.

चार वर्षांनी, १९८१ मध्ये, स्वीडनमधल्याच पेर ॲक्सेलसन आणि यान लिंडे या दोघा दंतवैद्यांनी जे प्रसिद्ध केलं ते तुमच्या मिस्टरांना आवर्जून वाचून दाखवा. हिरड्यांचा आजार बराच वाढलेले ९० पेशंट त्यांनी घेतले. सगळ्यांवर सारखेच उपचार झाले, ऑपरेशनसुद्धा. मग दर तिघांतल्या एकाला त्याच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरकडे परत पाठवलं. उरलेल्या दोघांना पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी आणि पुढची चार वर्षं दर तीन महिन्यांनी बोलावलं. प्रत्येक वेळी तपासणी, साफसफाई आणि घासण्याची उजळणी. सहा वर्षांनी पाहिलं तर बोलावलेल्यांच्या दातांभोवतीचा आधार होता तिथंच होता. परत पाठवलेल्यांत आजार उलटला होता, आणि त्याच्या खुणा तिसऱ्या वर्षीच दिसायला लागल्या होत्या. उपचार तेच आणि हात तेच होते. फरक फक्त नंतरच्या भेटींचा होता.

आता ते तीनच महिने का? खोल साफसफाईनंतर पॉकेटमधले त्रासदायक जिवाणू खूप कमी होतात, पण काही आठवड्यांतच ते परत जमायला लागतात. बऱ्याच जणांत तीन महिन्यांच्या आसपास वस्ती पूर्वीच्या वळणावर येते. ती हाडापर्यंत पोचायच्या आत विस्कटायची, एवढाच हिशेब. म्हणून ‘छान आहे’ हे ऐकून तुम्ही जाणं थांबवलंत तिथं गणित उलटं झालं. छान होतं ते येत होतात म्हणून. (आमचंही चुकतं. ‘छान आहे’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. ‘छान आहे, आणि ते तसं राहावं म्हणून अमुक तारखेला या’ एवढं पूर्ण वाक्य बोलायला वेळ काढला जात नाही.)

धंद्याचा संशय मला अगदीच अनाठायी वाटत नाही. दर तीन महिन्यांनी बोलवून, पुढच्या सहा दातांवर मशीन फिरवून, गुलाबी पेस्टनं चकाकी आणून दहा मिनिटांत उठवणारेही आहेत. मिस्टरांना पारख हवी असेल तर एकच गोष्ट बघायला सांगा. डॉक्टर मोजतात का? मोजतात म्हणजे असं: हातात एक बारीक सळई, टोक बोथट, त्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा. ती हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच सरकवायची, एका दाताभोवती सहा ठिकाणी, आणि आकडे मोठ्यानं सांगायचे. ‘तीन, दोन, तीन. तीन, दोन, पाच, रक्त.’ शेजारी असिस्टंट लिहून घेते. सळई काढल्यावर काही सेकंदांत कुठं लाल ठिपका येतो त्याची खूण करतात. सगळ्या तोंडाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि ऐकताना कंटाळा येतो हेही खरं. पण देखभालीच्या भेटीचा जीव त्या तक्त्यात आहे. मागच्या वेळी चार असलेली जागा आज सहा झाली असेल तर ते तुम्हाला दुखण्यातून कळणार नाही, कारण पायरिया सहसा दुखतच नाही. ते फक्त आकड्यांतून कळतं. एखाद्या जागी रक्त आलं म्हणजे लगेच हाड चाललं असं नाही, पण भेटीमागून भेटी रक्त न येणं ही ती जागा शांत असल्याची बरीच भरवशाची खूण आहे. तेव्हा पुढच्या भेटीत सरळ म्हणा, ‘मागचा आणि आजचा तक्ता शेजारी ठेवून दाखवा.’ दाखवणारा डॉक्टर असेल तर धंद्याचा विषय मिटला. तक्ताच नसेल तर डॉक्टर बदला, पण देखभाल सोडू नका.

दात झिजण्याबद्दल. किटण काढल्यानं दातावरचं कवच झिजत नाही. किटण गेलं आणि सूज उतरली की दातांमधल्या फटी उघड्या पडतात, मुळं थोडी दिसतात, थंड पाण्यानं कळ येते. लोकांना वाटतं, दात खरवडले. वास्तविक ती जागा हाड गेल्यामुळे आधीच रिकामी झालेली असते, फक्त किटणानं बुजलेली होती. मुळाचा पृष्ठभाग मात्र नाजूक असतो, आणि तिथं दर वेळी जोर लावून खरवडलं तर थोडीफार झीज होते. म्हणूनच शहाणा माणूस देखभालीच्या भेटीत सरसकट सगळीकडे हत्यार चालवत नाही. जिथं किटण आहे, पॉकेट खोल आहे किंवा रक्त आलं, तिथंच काम करतो आणि बाकी ठिकाणी नुसता थर पुसतो.

तुमचा हलणारा दात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेतले क्षार त्या चिकट थरात बसतात आणि काही दिवसांत तो दगडासारखा होतो. म्हणून किटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिथं साचतं. आरशासमोर तोंड उघडा, लहान आरसा आत धरा, पिवळट कड दिसेल. दात हलतोय तो सुजेमुळे असेल तर साफसफाईनंतर काही आठवड्यांत बराचसा आवळतो. हाड जास्त गेलं असेल तर शेजारच्या दातांना आतून बारीक तारेनं बांधून ठेवता येतो. यातलं काय आहे ते एक्स-रे आणि सळई सांगतील, पत्रावरून मला सांगता येणार नाही. मात्र तोवर जिभेनं ढकलून बघण्याची सवय सोडा. आणि हिरडीवर फोड आला, पू आला, गाल सुजला किंवा ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

डायबेटिसचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. साखर आटोक्यात नसली की हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते. दोन्हीकडून चालतं हे. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं अभ्यासांत दिसलंय. गोळी बंद करण्याइतकं ते नाही, पण फुकट मिळत असेल तर सोडावं इतकं थोडंही नाही. शेवटचा एचबीएवनसीचा रिपोर्ट बरोबर न्या. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी घेऊन जा, उपाशी जाऊ नका. ॲम्लोडिपिननं काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, आणि थर साचलेला असेल तर जास्तच. तसं झालंय का ते डॉक्टर बघतील. गोळी बदलायची की नाही हे तुमचे बीपीचे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून एक दिवसही बंद करू नका.

घरी काय करायचं, तर मीठ-हळद-तेल बोटानं चोळणं थांबवा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण मीठ किंवा राखुंडी उघड्या मुळांवर रगडली की तिथं खाचा पडतात. मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवलेले, छोटे छोटे झटके. रात्री झोपताना एकदा तर नक्कीच, तेही घाईत नाही. पेस्ट फ्लोराईडवाली घ्या. उघडी मुळं पटकन किडतात, आणि साखर असलेल्यांनी हे जास्तच सांभाळायचं. ऑपरेशननंतर तुमच्या फटी रुंद झाल्या असतील. तिथं दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा तो बारीक ब्रश कामाला येतो, बाटली घासायच्या ब्रशचं बाळ दिसतं तसा. मेडिकलमध्ये वेगवेगळ्या मापांचे मिळतात. तुमच्या तोंडाला बहुधा दोन मापं लागतील, ती खुर्चीत बसूनच ठरवून घ्या. आत जाताना किंचित अडला पाहिजे. सैल गेला तर काही साफ होत नाही, घुसवावा लागला तर हिरडी फाटते. पहिले काही दिवस त्यावर रक्त दिसेल. घाबरून थांबू नका, तीच जागा साफ व्हायची राहिली होती. क्लोरहेक्सिडीनचं माऊथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तर सांगितले तेवढेच दिवस वापरा. महिनोन्महिने वापरून दात तपकिरी करून घेतलेली मंडळी आम्हाला नेहमी भेटतात.

जन्मभर जायचं का? हो. पण दर तीन महिन्यांनीच असं नाही. किती ठिकाणी रक्त येतं, पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट किती उरलीत, आजवर दात किती गेले, वयाच्या मानानं हाड किती गेलंय, डायबेटिस कसा आहे, तंबाखू आहे का, यावर अंतर ठरतं. सध्या तुमचं पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार: आधी खोल साफसफाई, मग सहा-आठ आठवड्यांनी किंवा जरा पुढे पुन्हा मोजणी, मग वर्षभर तरी दर तीन महिन्यांनी. आकडे स्थिर राहिले तर चार, पुढे कदाचित सहा महिने. स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात ॲक्सेलसन यांनी साध्या, सर्वसामान्य लोकांना तीस वर्षं असंच सांभाळलं. भेटींचं अंतर ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत होतं. तीस वर्षांत कुठल्याच वयोगटात सरासरी दोन दातही गेले नाहीत, आणि जे गेले ते बहुतेक मूळ तडकल्यामुळे. तुमच्यासारखा आजार असलेल्यांचं गणित थोडं कडक असतं, पण दिशा तीच.

पैशांचं तुम्ही फार बोलला नाहीत, पण ओळींच्या मध्ये दिसतंच. एक दात गेला आणि तिथं इम्प्लांट बसवायचं ठरलं, तर त्या खर्चात देखभालीच्या कितीतरी भेटी निघतात. शिवाय इम्प्लांटभोवतीचं हाडही असंच जातं, त्यामुळे भेटी सुटत नाहीतच. खासगीत झेपत नसेल तर सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत. तिथं हिरड्यांच्या विभागात एमडीएस (दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण) करणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ दुप्पट लागतो, बाकावर बसावं लागतं, पण फी खूपच कमी असते आणि तक्ता भरल्याशिवाय त्यांना कुणी सोडत नाही. वेळापत्रक सांभाळायला जड जात असेल तर भेटी शाळेच्या सुट्ट्यांना बांधा: उन्हाळी सुट्टी, गणपती, दिवाळीनंतरचा आठवडा, फेब्रुवारीत परीक्षांच्या आधी. अंतर अगदी समान पडणार नाही, पण वर्षात चार भेटी होतील. आणि निघतानाच पुढची तारीख घेऊन निघा. ‘फोन करून सांगते’ म्हणणारे पेशंट फोन करत नाहीत.

राहता राहिल्या सासूबाई. मिशरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. तंबाखूतल्या निकोटीननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून रक्त येत नाही आणि हिरडी फिकट, घट्ट दिसते. आत हाड जात असतंच, किंबहुना तंबाखू लावणाऱ्यांत जास्त जातं. फक्त रक्ताचा इशारा मिळत नाही. इतक्या वर्षांची सवय त्या तुमच्या सांगण्यावरून एका दिवसात सोडणार नाहीत, त्यावरून घरात वाद घालू नका. पण गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा असेल, दोन आठवडे झाले तरी न भरणारी जखम असेल, तिखट झोंबत असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर ते दाखवायलाच हवं. मिशरीनं तोंडाचा कॅन्सर होतो. तुमच्या अपॉइंटमेंटला त्यांना ‘सोबतीला चला’ म्हणून घेऊन जा, आणि तुमचं झालं की डॉक्टरांना म्हणा, आलोच आहोत तर आईंचंही तोंड एकदा बघून घ्या.